मशीन लर्निंग घेऊ की सिस्टिम्स?

पत्र:

ताई, मी २७ वर्षांची, मूळची कराडची. कॉम्प्युटरमध्ये बी.ई. करून चार वर्षं झाली, हिंजवडीत एका कंपनीत जावा बॅकएंडचं काम करते. नुकताच अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्समधल्या ऑनलाइन एमएसला प्रवेश मिळालाय. नोकरी सांभाळून करायचंय, ऑगस्टपासून सुरू. आता स्पेशलायझेशन निवडायचं तर डोक्याचा पार भुगा झालाय. मावसभाऊ कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो, तो म्हणतो, "मशीन लर्निंग घेतलं नाहीस तर पैसे पाण्यात." मॅनेजर म्हणतात, सिस्टिम्स घे. एक मैत्रीण म्हणते, अल्गोरिदमचा तो भयंकर विषय टाळता येईल असं काहीतरी बघ, डिग्री तीच मिळते. नवरा म्हणतो, तुला आवडेल ते घे. पण मला काय आवडतं हेच मला कळेनासं झालंय. कामात सगळ्यांत मजा कधी आली म्हणाल, तर आमची पेमेंट सर्व्हिस दर महिन्याच्या एक तारखेला संध्याकाळी अडकायची, त्याचं कारण मी शोधून काढलं तेव्हा. पण ते काही एमएसचं कारण होऊ शकत नाही ना? बी.ई.चं तिसरं गणित, एम-थ्री, पहिल्या फटक्यात निघालं होतं, पण काठावर. काय करू?

उत्तर:

आधी मनापासून अभिनंदन. पत्रात तू प्रवेश एका वाक्यात उरकलास आणि काळजी तीन पानं लिहिलीस (वर छापलंय ते त्यातलं थोडंसं), म्हणून आठवण करून देते.

तू ज्या दोन नावांमध्ये अडकली आहेस त्यांच्यात फरक किती, ते आधी कागदावर मांड. पदवीला एकूण १० विषय. त्यातले पाच-सहा स्पेशलायझेशनचे, उरलेले चार-पाच तुझ्या मर्जीचे. अल्गोरिदम्सचा विषय मशीन लर्निंगलाही (म्हणजे डेटावरून शिकणारे प्रोग्रॅम) आहे आणि कॉम्प्युटिंग सिस्टिम्सलाही (म्हणजे ते चालवणारी आतली यंत्रणा), त्यामुळे तो दोन्हीकडून वजा कर. म्हणजे मशीन लर्निंगचं नाव घेऊनसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिम्सचे दोन्ही विषय मोकळ्या जागांत बसतात, आणि सिस्टिम्स घेऊन मशीन लर्निंग आणि डीप लर्निंगही बसतं. भांडण उरतं ते फार तर चार-पाच विषयांचं. शिवाय पदवी पूर्ण होईपर्यंत स्पेशलायझेशन बदलता येतं, आणि पुष्कळ जण बदलतातही. कुठलंही घेतलंस तरी पदवीचं नाव एकच, कॉम्प्युटर सायन्समधली मास्टर ऑफ सायन्स. तेव्हा पोर्टलवर आत्ता जे काही निवडशील त्यावर रात्रीची झोप घालवू नकोस.

झोप घालवायचीच तर पहिल्या दोन विषयांवर घालव. पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत विषयांत किमान बी ग्रेड आणावी लागते, नाहीतर पुढचं दार बंद. हा अभ्यासक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा स्वभाव असाच आहे: आत घेताना उदार, आत आल्यावर कडक. फी सगळी मिळून ७,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे इथल्या एखाद्या खासगी कॉलेजच्या एमबीएपेक्षा कमी. प्रवेशही त्या मानाने सहज मिळतो. त्यामुळे खरी चाळणी पहिल्या वर्षात लागते. पहिले दोन विषय असे निवड, की दमलेल्या गुरुवारी रात्री जेवणं उरकल्यावरही त्यांच्यासाठी लॅपटॉप उघडावासा वाटेल.

आता तुझा मावसभाऊ. त्याचा सल्ला खोटा नाही, पण तो त्याच्या परिस्थितीतून आलाय. तो बहुधा तिकडे जाऊन, कर्ज काढून, कॅम्पसवर शिकला असेल. तिथे ऑगस्टमध्ये पोचलेल्या पोराला पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी सप्टेंबरातच रेझ्युमे घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. तोवर एकही विषय पूर्ण झालेला नसतो. अशा वेळी रेझ्युमेवर काय छापलंय यालाच भाव. तुझं तसं काही नाही. ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिकडे काही काळ काम करायच्या परवानगीचं, गणितही तुला लागू नाही. तू पुण्यात नोकरीत आहेस आणि पदवी हातात पडेल तेव्हा तुझ्या गाठीशी सात-आठ वर्षांचा अनुभव असेल. सात-आठ वर्षांच्या अनुभवी माणसाला मुलाखतीत स्पेशलायझेशनचं नाव कुणी विचारत नाही. "तुम्ही काय बांधलंत, ते कुठे तुटलं आणि तुम्ही काय केलंत," हे विचारतात.

आणि इथेच मला तुझ्या पत्रातलं ते एक तारखेचं वाक्य दिसलं. मूळ पत्रात तू त्याबद्दल बरंच लिहिलं होतंस, वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पगाराचा दिवस, संध्याकाळी सहानंतर सर्व्हिस गप्प. सीपीयू मोकळा, मेमरी मोकळी, लॉगमध्ये एरर नाही, तरी विनंत्या तुंबलेल्या. टीममधल्यांनी सर्व्हर रीस्टार्ट करून दोन-तीन महिने वेळ मारून नेली. तू मात्र अडकलेल्या क्षणी थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड कुठे अडकलाय याची यादी, काढलास. बघतेस तर टॉमकॅट या वेब सर्व्हरचे, विनंत्या हाताळणारे दोनशेच्या दोनशे थ्रेड डेटाबेसच्या कनेक्शनसाठी ताटकळत उभे, आणि कनेक्शनच्या सामायिक साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, कनेक्शन दहाच. ती दहा धरून बसलेले डेटाबेसचे व्यवहार मधल्यामध्ये बाहेरच्या, बँकेच्या एपीआयच्या (बँकेच्या सिस्टिमशी बोलायच्या खिडकीच्या) उत्तराची वाट बघत होते, आणि तो एपीआय एक तारखेला मंदावायचा. तू पूल वाढवला नाहीस. बाहेरचा कॉल व्यवहाराच्या बाहेर काढलास. दुखणं गेलं.

याचं महत्त्व तुला बहुतेक कळलेलं नाही. जावाच्या स्प्रिंग बूट या चौकटीत कुणी हात लावला नाही तर टॉमकॅटचे थ्रेड २०० आणि पूल सांभाळणाऱ्या हिकारीची कनेक्शन १० ही मुळातलीच सेटिंग्ज असतात. असंख्य सर्व्हिस याच आकड्यांवर वर्षानुवर्षं चालतात आणि अशाच तुंबतात. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी त्या दहाच्या आकड्याकडे जातो. दहाचे पन्नास करतात आणि पुढच्या एक तारखेला डेटाबेस झोपवतात. तू संसाधन कोण धरून बसलंय आणि का धरून बसलंय, हे विचारलंस. ऑपरेटिंग सिस्टिम्सचा अर्धा विषय याच एका प्रश्नाभोवती फिरतो. मग हे एमएसचं कारण का होऊ शकत नाही? "एआयमध्ये स्कोप आहे" यापेक्षा कितीतरी धड कारण आहे ते.

तेव्हा माझं मत विचारलंस तर, सिस्टिम्स घे.

भाऊ लगेच म्हणेल, जग एआयकडे धावतंय आणि ताई हिला थ्रेड मोजायला बसवतायत. त्याला दोन गोष्टी सांग. २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट नावाच्या न्यूरल नेटवर्कने चित्रं ओळखण्याची स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली आणि आजची सगळी लाट तिथून उसळली, असं मानतात. ते नेटवर्क दोन जीपीयूंवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर, कापून बसवलेलं होतं. का? तर एकेका कार्डावर मेमरी तीन जीबी, आणि अख्खं मॉडेल एका कार्डावर मावत नव्हतं. दुसरी गोष्ट २०२३ ची. मोठी भाषिक मॉडेल्स (चॅटजीपीटीच्या मागे असतात तशी) चालवताना प्रत्येक संभाषणासाठी जीपीयूच्या मेमरीत बरीच जागा राखून ठेवावी लागायची आणि त्यातली पुष्कळशी वाया जायची. बर्कलीच्या मंडळींनी त्यावर पेज्ड अटेन्शन नावाचा उपाय काढला. संभाषणाची ती मेमरी छोट्या सारख्या तुकड्यांत वाटायची, तुकडे कुठेही पडलेले चालतील, कुठला तुकडा कुठे आहे याचा तक्ता ठेवायचा. बी.ई.ला तू ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये व्हर्च्युअल मेमरी आणि पेजिंग पाठ केलं असशील ना, तेच. कल्पना तिथूनच उचलली, असं ते स्वतः सांगतात. तो शोधनिबंध सादर झाला तो ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या परिषदेत, आणि त्याच्यावर उभं राहिलेलं व्हीएलएलएम हे सॉफ्टवेअर आज ठिकठिकाणी मॉडेल्स चालवण्यासाठी वापरतात.

मुळापासून मॉडेल शिकवणारी माणसं जगात थोडी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे पीएचडी आहे. शिकवलेलं मॉडेल लाखो लोकांसाठी, परवडेल अशा खर्चात, न अडकता चालवायचं काम मात्र पुष्कळ आहे. ते काम तुझ्या एक तारखेच्या सर्व्हिसचंच मोठं भावंड आहे. म्हणून मोकळ्या जागांपैकी एक मशीन लर्निंगला दे, जमलं तर दुसरी डीप लर्निंगला. मॉडेलच्या पोटात काय चाललंय हे माहीत असलेला सिस्टिम्सचा माणूस सध्या कुणालाही हवाच आहे.

मशीन लर्निंग तुझ्यासाठी नाहीच, असं मी म्हणत नाही. पण तो विषय तिथे कसा शिकवतात हे ऐक, कारण लोकांच्या मनात भलतंच चित्र असतं. चार्ल्स इस्बेल आणि मायकेल लिटमन या दोन प्राध्यापकांची व्याख्यानं गप्पांसारखी, हसतखेळत चालतात. ती ऐकून वाटतं, हे तर सोपं आहे. असाइनमेंटमध्ये मात्र कोडला जवळजवळ किंमत नसते. लायब्ररी वापरा, हवं ते करा. गुण मिळतात ते अहवालाला. दोन डेटासेट घ्या, त्यांच्यावर वेगवेगळे अल्गोरिदम चालवा आणि आलेख असा का वळला, इथे का सपाट झाला, हा त्याच्यापेक्षा का सरस ठरला, हे पानंच्या पानं लिहून पटवा. ज्याला प्रयोगवहीचा कंटाळा नाही, ज्याला "का बरं असं झालं असेल" यावर रविवार घालवता येतो, त्याला तो विषय सोन्यासारखा. ज्याला काहीतरी चालताना बघायचं असतं, तो वैतागतो.

एम-थ्री काठावर निघालं, याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे एम-थ्री म्हणजे लाप्लासचे फॉर्म्युले आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर. त्यावरून कुणाला गणित येतं की नाही हे ठरत नाही. तिथे उपयोगी पडतं ते लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता, आणि दोन्ही महिना-दीड महिना नेटाने बसलीस तर पुरेसं येईल.

तरी खात्री नसेल तर दोन शनिवार-रविवार खर्च कर. एकात सी भाषेत छोटा सर्व्हर लिही: क्लायंटने फाईलचं नाव पाठवायचं, सर्व्हरने फाईल परत द्यायची. मग त्यात थ्रेड घाल, एक मालक थ्रेड कामं रांगेत टाकणारा आणि बाकीचे उचलणारे, आणि एकदम पन्नास क्लायंट सोड. ग्रॅज्युएट इंट्रोडक्शन टू ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पहिला प्रोजेक्ट याच जातीचा असतो. दुसऱ्या शनिवार-रविवारी कुठलाही फुकटचा डेटासेट घे, डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांचं झाड) चालव, झाडाची खोली वाढवत ने आणि चाचणीची अचूकता कुठे घसरायला लागते आणि का, यावर दोन पानं लिही. मग बघ, कुठल्या रविवारी चहा गार झाला. या विषयांची व्याख्यानं बाहेरच्यांनाही फुकट बघता येतात, तीही बघून घे. मला उत्तर काय येणार ते माहीत असल्यासारखं वाटतंय, पण मी तुला एका पत्रापुरतीच ओळखते.



आता मैत्रिणीचा सल्ला. तिची माहिती बरोबर आहे. एआयच्या स्पेशलायझेशनमध्ये, ज्याला आधी इंटरअ‍ॅक्टिव्ह इंटेलिजन्स म्हणायचे, अल्गोरिदम्सऐवजी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोसेस घेऊन सुटता येतं, आणि तेवढ्यासाठी तिकडे वळणारे लोक आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरात तान्हं मूल आहे, शेवटचा एकच विषय उरलाय आणि दोनदा गटांगळी खाल्लीय, अशा माणसाने खुशाल ती वाट धरावी. पण तू अजून पाण्यात पायही घातला नाहीस. आत्तापासून पळवाट कशाला शोधतेस?

त्या विषयाची दहशत कशाची आहे तेही नीट समजून घे. विषय म्हणशील तर ओळखीचाच: डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, डिव्हाइड अँड कॉन्कर, ग्राफ, एनपी-कम्प्लीट. भीती परीक्षेची आहे, कारण बरेचसे गुण तिथेच आहेत आणि स्पेशलायझेशनचा विषय म्हणून बी लागतेच. शिवाय परीक्षेत चालणारा कोड मागत नाहीत. अल्गोरिदम शब्दांत सांगायचा, तो बरोबर का आहे ते सांगायचं, किती वेळ घेईल ते सांगायचं. आपल्याकडच्या पोरांची गाडी इथे अडते. लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर कोडिंगची तीनशे गणितं सोडवलेला पोरगा दोन वाक्यं धड लिहू शकत नाही.

एक उदाहरण देते. आकड्यांची एक यादी आहे, तिच्यातली सगळ्यांत लांब चढती उपमालिका शोधायची. बहुतेक जण लिहितात, "एल ऑफ आय म्हणजे पहिल्या आय आकड्यांमधली सगळ्यांत लांब चढती उपमालिका." वाचायला बरोबर वाटतं. पण आता पुढचा आकडा घे. तो त्या मालिकेच्या शेपटाला जोडता येईल का? सांगता येत नाही, कारण ती मालिका कुठल्या आकड्यावर संपते हे आपण लिहूनच ठेवलेलं नाही. व्याख्या अशी हवी: "आयव्या आकड्यावर संपणारी सगळ्यांत लांब चढती उपमालिका." मग मागच्या प्रत्येक लहान आकड्याकडे बघायचं, त्यातली सगळ्यांत मोठी लांबी घ्यायची, एक मिळवायचा. "वर संपणारी" हे दोन शब्द सुटले की पुढचं सगळं ढासळतं. तिथे गुण कापतात ते अशा ठिकाणी, आणि माझ्या मते रास्त कापतात. रोज एक गणित घेऊन फक्त अशी व्याख्या वहीत लिहायची सवय लावलीस, तर त्या विषयाचं भूत निम्मं उतरेल. त्याला मागणी जास्त आणि जागा मर्यादित, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला तो शेवटी-शेवटी येतो. तुझ्याकडे तयारीला अडीच-तीन वर्षं आहेत.

वेळेचं मात्र आत्ताच ठरव. सिस्टिम्सचे विषय आठवड्याला पंधरा-वीस तास खातात. प्रोजेक्टच्या आठवड्यात त्याहून जास्त. नोकरी आणि हिंजवडीचा ट्रॅफिक धरला तर एका सत्रात एकच विषय, त्यावर घासाघीस नको. वर्षाला तीन सत्रं, म्हणजे सलग चाललीस तरी तीन वर्षांच्या वर. उन्हाळ्याचं सत्र आखूड असतं आणि तेवढाच अभ्यासक्रम कमी आठवड्यांत कोंबतात, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम्ससारखा जड विषय उन्हाळ्यात ठेवू नकोस. पहिलं सत्र ऑगस्टात सुरू होतं; गणपतीत पहिल्या असाइनमेंटचा घोळ असेल आणि विषय सोडायची शेवटची तारीख दिवाळीच्या आगेमागे येईल. घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की या वर्षी फराळाला तुझा हात लागणार नाही. "आवडेल ते घे" म्हणणाऱ्या नवऱ्याला चकल्या पाडायला शिकव. पाठिंबा देण्याची तीही एक पद्धत आहे.

एक गंमत तुझ्या फायद्याची. बऱ्याच विषयांत असाइनमेंटची मुदत पृथ्वीवर सगळ्यांत शेवटी दिवस मावळतो त्या वेळेप्रमाणे मोजतात. रविवारी रात्री ११:५९ म्हटलं की आपल्याकडे सोमवारी संध्याकाळचे ५:२९. ऐकायला छान वाटतं, अख्खा सोमवार मिळाला! पण सोमवारी तुझा स्टँडअप असतो, रिलीज असते. तो वेळ आपला नाहीच असं समजून रविवारी रात्रीच काम दे आणि सोमवार काही फाटलं तर शिवायला ठेव.

नोंदणी उघडली की पहिल्या सत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिम्सचा तो सुरुवातीचा विषय, अ‍ॅडा गाव्रिलोव्स्का शिकवतात तो, मिळतो का बघ. नव्या विद्यार्थ्यांचा नंबर नोंदणीत शेवटी लागतो, जागा भरलेल्या असतील तर प्रतीक्षायादीत नाव टाक आणि हातात डेटाबेस सिस्टिम्सचा विषय धरून ठेव. तोही पायाभूत आहे आणि तुझ्या रोजच्या कामाचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्सचे प्रोजेक्ट सी भाषेत असतात. चार वर्षं जावात, वापरून झालेली मेमरी आपोआप साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरच्या जिवावर काढली आहेस, तेव्हा ऑगस्टपर्यंत पॉइंटर आणि हाताने मेमरी घेणारे-सोडणारे मॅलॉक आणि फ्री यांच्याशी पुन्हा ओळख करून घे, पीथ्रेड्सचे (सीमधल्या थ्रेडचे) दोन-चार प्रोग्रॅम लिही आणि प्रत्येक प्रोग्रॅम मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली चालवून बघायची सवय लाव.